रफूमावशींचा दुसरा चेहरा

रफूमावशींचं दुकान एवढंसं होतं, की गिऱ्हाईक आत आलं की मावशींना पाय आखडून घ्यावे लागत. डावीकडे लॉन्ड्री, उजवीकडे किल्ल्या करून देणारा, आणि मधल्या फटीत एक टेबल, दोन स्टुलं, रिळांची फळी आणि मावशी. दार काचेचं होतं. त्यातून सकाळी दहा ते तीन जो उजेड येई, त्यावर त्यांचा धंदा चाले, कारण रफू हे काही दिव्याखाली करायचं काम नव्हे. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, लोकरीच्या स्वेटरला कसर लागली, खिळ्याला अडकून पँट फाटली, की लोक त्यांच्याकडे येत. मावशी त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून चार धागे काढत आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणत बसत. काम संपलं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणत, "शोधा." तीस वर्षांत चार-पाच जणांनाच रफू सापडलं असेल, आणि त्यातला एक स्वतः शिंपी होता.

मावशी एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि दिसतही तेवढ्याच होत्या. उजव्या डोळ्याला सतत भिंग लावल्यामुळे त्या डोळ्याखाली सुरकुत्यांचं जाळं झालं होतं, डाव्या बाजूला त्या मानाने बरं होतं. कपाळावर आठ्या, हनुवटीखाली थोडी सैल कातडी, कानशिलावर एक तपकिरी डाग. या सगळ्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. त्यांचे यजमान पूर्वी शहरबसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून दुपारचा डबा ते स्वतः करत आणि दुकानात आणून देत. घरातलं तिसरं माणूस म्हणजे लेक. ती फर्निचरच्या शोरूममध्ये कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी आईच्या दुकानात येऊन बसायची.

अशाच एका सुट्टीला लेकीने आपल्या नव्या फोनवर आईचा व्हिडिओ काढला. काळा कोट, खिशाच्या वर बोटभर भोक, ते भरतानाचे आईचे हात, आणि शेवटी भिंग काढून कॅमेऱ्याकडे बघत "शोधा" म्हणणारी आई. खाली तिने लिहिलं, माझी आई, वय एकसष्ट. टाकला आणि विसरून गेली.

दोन दिवसांनी शोरूममधल्या मैत्रिणीने तिला सांगितलं की तुझी आई सगळीकडे फिरतेय. खरंच फिरत होती. पाच लाख लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. मावशींना आधी वाटलं, रफूचं कौतुक झालं. लेक कॉमेंट वाचून दाखवू लागली तेव्हा उलगडा झाला. कोटाबद्दल विचारणारा एकच जण होता, बाकी सगळे चेहऱ्याबद्दल बोलत होते. ही बाई एकसष्टची कशी? पस्तिशीची वाटते. चेहऱ्याला काय लावते? सांगा ना.

मावशींनी फोन हातात घेऊन पहिल्यांदाच तो व्हिडिओ नीट पाहिला. हात त्यांचेच होते. पण शेवटी जी बाई वर बघत होती तिच्या डोळ्याखाली एक रेघ नव्हती. कपाळ इस्त्री केल्यासारखं. हनुवटी आवळलेली. कानशिलावरचा डाग पुसून टाकलेला. मावशींना क्षणभर वाटलं, ही आपली धाकटी बहीण. मग लेकीने फोन उलटासुलटा करून शोधून काढलं, की कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर आधीपासूनच चालू होता. फोन दुकानातून आला तोच तसा.

"बंद करते," लेक म्हणाली.

मावशी त्या बाईकडे बघतच होत्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय जातंय."

तिथून सुरुवात झाली. दर सुट्टीला एक व्हिडिओ, मग आठवड्याला दोन. फॉलोअर वाढत गेले. खोटं कशाला सांगा, मावशींना मजा वाटत होती. आयुष्यभर खाली मान घालून बसलेल्या बाईला लोक सुंदर म्हणत होते, तेही अनोळखी, ज्यांना त्यांच्याकडून काही फुकटात शिवून घ्यायचं नव्हतं. किल्लीवाला येता-जाता त्यांना हिरॉईन म्हणू लागला. मावशी वरवर रागवत.

असंच एकदा मावशी एका सदऱ्याची मळकी कॉलर साफ करत होत्या. त्यासाठी त्या लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा वापरत, जुनी पद्धत. लेकीने फोन समोर धरला होता आणि लोकांचा नेहमीचा प्रश्न वाचला, की चेहऱ्याला काय लावता. मावशींनी वाटी वर उचलली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "हेच. कॉलर निघते, तर चेहरा का नाही निघणार?"

फोनमागे लेक खो-खो हसली. व्हिडिओ टाकताना तिने ते हसणं तेवढं कापलं, कारण आवाज फार मोठा येत होता. त्या वीस सेकंदांच्या व्हिडिओने मागचे सगळे आकडे मागे टाकले.

मग क्रीमवाला आला. तो एका प्रसाधन कंपनीचा माणूस होता, बोलायला गोड, बूट असे की त्यात तोंड दिसावं. मावशींच्या स्टुलावर तो जपून बसला. कंपनीला मावशी हव्या होत्या. हातात क्रीमची डबी धरायची, दोन वाक्यं बोलायची. तीन महिन्यांनी एक मोठा कार्यक्रम होता, तिथे स्टेजवर सगळ्यांसमोर यायचं. बोलता बोलता त्याने मावशींच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मग लेकीच्या फोनकडे, आणि काय समजायचं ते समजला. त्याला धक्का बसला नाही, याचंच मावशींना नंतर नवल वाटलं. तो म्हणाला, स्टेजवर फोन नसतो, तेव्हा थोडी तयारी करावी लागेल. त्याच्या ओळखीचं एक क्लिनिक होतं. डोळ्यांखाली चार सुया, गालात दोन, हनुवटीला थोडं. तासाभराचं काम. तोवर लेकीने फिल्टर जरा वाढवावा, म्हणजे क्रीमचा गुण दिसेल.

मावशींनी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं कमीच दिसतं, तसं झालं होतं.

पण त्या दिवसांत घरात आणि दुकानात काही काही बदलत गेलं. मावशी बाजारात जाईनाशा झाल्या. भाजी आणायचं काम यजमानांकडे आलं. बाहेर पडायचंच झालं तर त्या डोक्यावरून ओढणी घेऊन गळ्यापर्यंत गुंडाळत. दुकानात स्टूल फिरवून दाराकडे पाठ करून बसू लागल्या, म्हणजे काचेतून कुणाला चेहरा दिसू नये. उजेड मग पाठीवर येई आणि कामावर त्यांचीच सावली पडे. संध्याकाळी घरी त्या फोन घेऊन बसत आणि त्या दुसऱ्या बाईचे व्हिडिओ एकामागून एक बघत. वाईट कॉमेंटही असत. कुणी लिही, हिचे हात बघा, हात म्हातारे आहेत, काहीतरी गडबड आहे. ते वाचून मावशी आपल्या हातांकडे बघत. तीस वर्षं या हातांनी घर चालवलं होतं, आणि आता ते झाकावेसे वाटत होते.

यजमान फारसं बोलणारे नव्हते. एकदा जेवायला तीनदा हाक मारूनही त्या उठल्या नाहीत, तेव्हा दाराशी येऊन म्हणाले, "त्या फोनमधल्या बाईला माझा नमस्कार सांग. पण जेवायला तू ये."

मावशी हसल्या नाहीत. उठल्या मात्र.

एका सकाळी दोन तरुण मुली दुकानात शिरल्या. हातात फोन, बाहेर बसस्टॉपवरून धावत आल्यासारख्या. त्यांनी मावशींकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि एकीने विचारलं, "मावशी, ती रफूवाली बाई इथेच बसते ना? व्हिडिओमधली?"

मावशींच्या हातात सुई होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती आज आली नाही."

मुली हिरमुसल्या. निघताना त्यांनी दुकानाचा फोटो घेतला, आणि फोटोत येऊ नये म्हणून मावशींना जरा बाजूला सरकायला सांगितलं. मावशी सरकल्या.

त्याच आठवड्यात एक वयस्क गृहस्थ कोट घेऊन परत आले. तिरप्या विणीचं राखाडी कापड होतं, आणि मावशींनी भरलेल्या जागी वीण उलट्या दिशेला तिरपी गेली होती. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक. गृहस्थांनी भांडण केलं नाही. नुसतं बोट ठेवून म्हणाले, "सापडलं." मावशींचे कान तापले. त्यांनी ते सगळं उसवून पुन्हा करून दिलं, दाराकडे तोंड करून. पण दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा फिरलं.

क्लिनिकमधली वेळ गुरुवारची ठरली होती. बुधवारी दुपारी, डबा येऊन गेल्यावर, एक बाई दुकानात आली. चाळिशीची असेल. तिने निळ्या स्वेटरचं कोपर दाखवलं, तिथे धागे विरले होते. ती सार्वजनिक ग्रंथालयात काम करायची आणि दिवसभर टेबलावर कोपरं टेकून तिचे सगळे स्वेटर तिथेच जात. मावशींनी पाठमोऱ्याच राहून दोन दिवसांनी या म्हटलं. बाई हलली नाही.

"तुम्हीच ना?" ती म्हणाली. "आवाज तोच आहे."

मावशी वळल्या. आता नाही म्हणायला जागा नव्हती. आणि वळल्यावर त्यांना त्या बाईचा डावा गाल दिसला. गालाच्या उंचवट्यापासून जबड्यापर्यंत कातडी लालसर तपकिरी झाली होती, कडेला पापुद्रे सुटले होते. गरम इस्त्री टेकल्यासारखं दिसत होतं. बाईने त्यावर पावडर लावली होती आणि ती पावडर पापुद्र्यांत अडकून बसली होती.

मावशींना वाटलं, आता ही शिव्या देणार. त्या तयारच झाल्या. पण ग्रंथालयातली बाई स्टुलावर बसली आणि आवाज खाली आणून, मैत्रिणीला विचारावं तसं विचारू लागली. तिने मावशींनी सांगितल्याप्रमाणे लिंबू आणि सोडा तीन आठवडे लावला होता, रोज सकाळी, लावून उन्हातून चालत कामाला जायची. आधी नुसतं चुरचुरलं. मग असं झालं. तिचं एवढंच म्हणणं होतं, की तिचं प्रमाण कुठेतरी चुकलं असणार.

"तुमचंही आधी असंच झालं होतं का?" तिने विचारलं. "हे निघून खालून नवीन कातडी येते ना? किती दिवस लागले तुम्हाला?"

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं मावशींना नंतर कितीदा तरी वाटलं. समोरची बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. या आठ्या, हे जाळं, कानशिलावरचा डाग, सगळं तिच्यापासून दोन फुटांवर होतं. आणि तरीही ती विश्वासाने विचारत होती, कारण व्हिडिओत तिने पाहिलं होतं ते तिला या चेहऱ्यापेक्षा खरं वाटत होतं.

"मी कधी लावलंच नाही," मावशी म्हणाल्या. "ती थट्टा होती. ते कॉलरसाठी असतं. आणि तो चेहरा फोनचा आहे, माझा हा."

बाईने स्वेटर उचलून छातीशी धरला, जणू तोही आता इथे ठेवावा की नाही असा प्रश्न पडावा, आणि मग टेबलावर ठेवला. मावशींनी दुकानाला कुलूप लावलं, किल्लीवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. ओढणी घ्यायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी गाल तपासला, मलम दिलं, ऊन टाळायला सांगितलं आणि डाग जायला पाच-सहा महिने लागतील म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, की या महिन्यातली ही तिसरी. कुणीतरी म्हातारी आहे, फोनवर असले उपाय सांगते.

"मीच ती," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या काही लागट बोलल्या नाहीत. लोकांना सांगा म्हणाल्या, आणि लवकर सांगा.

संध्याकाळी घरी मावशींनी लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं. लेक आधी पांढरीफटक पडली. मग ती हळूहळू तोडगे काढू लागली. तो एक व्हिडिओ काढून टाकू. खाली बारीक अक्षरात सूचना लिहू. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग सांगू. एवढं उभं केलंय, ते एका रात्रीत कशाला पाडायचं. मावशी ऐकत राहिल्या. लेक वाईट नव्हती. शोरूममध्ये दिवसभर लोकांच्या सोफ्यांची मापं घेणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच काहीतरी आपलं मिळालं होतं, आणि ते आईच्याच हातून जाणार होतं.

"तू हसली होतीस ना तेव्हा," मावशी म्हणाल्या. "ते हसणं व्हिडिओत राहिलं असतं, तरी लोकांना कळलं असतं की थट्टा आहे."

लेक रडायला लागली. यजमानांनी उठून चहा ठेवला. दोघींच्या कपात साखर जास्त घातली.

गुरुवारी सकाळी, क्लिनिकमध्ये जायच्या वेळी, मावशी दुकानात दाराकडे तोंड करून बसल्या. लेकीने सुट्टी घेतली होती. तिने फिल्टर बंद केला, दोनदा तपासला आणि फोन धरला. मावशींनी वय सांगितलं. हा माझा चेहरा, म्हणाल्या. लिंबू-सोडा मी कधी तोंडाला लावला नाही, मी थट्टा केली आणि ती थट्टा आहे हे नंतरही सांगितलं नाही, कारण मला सुंदर म्हटलेलं आवडत होतं. एका बाईचा गाल भाजलाय, डॉक्टरांकडे आणखी दोघी येऊन गेल्यात. कुणी लावत असाल तर आज बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. मग त्यांनी भिंग लावलं आणि कामाला लागल्या. लेकीने व्हिडिओ तसाच टाकला, काही न कापता.

पुढचे दहा-बारा दिवस वाईट गेले. लबाड म्हातारी, चेटकीण, तोंड बघा हिचं, असलं काय काय लोकांनी लिहिलं. आदल्या महिन्यात ज्यांनी देवीसारखी वाटतेस म्हटलं होतं, त्यांतलेच काही होते. क्रीमवाल्याचा फोन आला. तो पहिल्यांदाच गोड बोलला नाही. कंपनीने करार मोडला आणि त्या स्टेजवर दुसरं कुणीतरी गेलं. फॉलोअर इतक्या वेगाने गळाले, की लेकीने शेवटी आकडा बघणंच सोडलं. मावशींनी फोन लेकीच्या हवाली केला आणि सांगितलं, चांगलंवाईट काही वाचून दाखवू नकोस.

त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. बाजारात पहिल्यांदा गेल्या तेव्हा भाजीवालीने एवढंच विचारलं, की आजारी होतात का. ती फोनवर काही बघत नसे. मावशींनी हो म्हणून टाकलं, आणि एका परीने ते खोटंही नव्हतं.

गळती थांबली तेव्हा काही हजार लोक उरले होते. ते रफू बघायला येणारे होते, हे त्यांच्या प्रश्नांवरूनच कळे. सुई किती नंबरची, तिरपी वीण कशी ओळखायची, जुना धागा तुटला तर काय करायचं. अशा प्रश्नांना मावशी भरभरून उत्तरं देत. लेक आता त्यांच्या हातांचेच व्हिडिओ काढे, जवळून, आणि हळूहळू ते काढण्यात तिला खरंच गती आली.

ग्रंथालयातली बाई स्वेटर न्यायला दोन दिवसांनी नाही, दोन महिन्यांनी आली. तोवर मावशी दर पंधरा दिवसांनी तिला दवाखान्यात भेटत होत्या, ती नको म्हणत असतानाही. पहिल्या दोन वेळा ती धड बोलली नाही. तिसऱ्या वेळी दोघी बाकावर शेजारी बसल्या असताना तिने स्वतःहून सांगितलं, की ग्रंथालयात एक नवीन मदतनीस आली होती, विशीतली, आणि लोक तिच्याच खिडकीशी रांग लावत. म्हणून तिने ते लावायला घेतलं होतं. मावशींनी आपली दोन मुलींची गोष्ट सांगितली, सरकायला लावल्याची. बाईला असं हसू फुटलं, की नर्सने दार उघडून पाहिलं. त्या दिवसापासून मावशींना तिच्याशी बोलायची भीती वाटेनाशी झाली. गाल सहाव्या महिन्यात बराच निवळला. जबड्याजवळ बोटभर जागा मात्र गडद राहिली, आणि ती तशीच राहणार असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मावशींना ती दर भेटीत दिसायची. दिसायलाच हवी, असंही त्यांना वाटायचं.

वर्ष सरत आलं तेव्हा त्या बाईनेच मावशींना एक काम आणलं. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात आठ उंच खिडक्या होत्या, त्यांना जुने जाड मखमली पडदे होते आणि त्यांना जागोजागी कसर लागली होती. ते फेकून नवे घ्यायचं ठरत होतं, पण तिने वरच्यांशी भांडून ते मावशींकडून भरून घ्यायचं कबूल करवलं. पडदे एवढे मोठे की दुकानात मावेनात, तेव्हा मावशीच तिकडे गेल्या. सव्वा महिना त्या वाचनकक्षातल्या लांब टेबलाच्या टोकाशी, खिडकीखाली बसल्या. तिथे उजेड पाचपर्यंत टिके. यजमान डबा घेऊन येत आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्याआड झोपी जात. त्यांचं घोरणं वाढलं की ग्रंथालयातली बाई लांबून बोट ओठांवर ठेवी आणि मावशी टेबलाखालून त्यांना पाय मारत.

वाचायला आलेली माणसं पुस्तकातून मान वर करून त्यांचं काम बघत. एक शाळकरी मुलगी तर समोरच येऊन बसली आणि तासभर हलली नाही. शेवटी तिने हळूच विचारलं, की हे शिकायला किती दिवस लागतात. मावशींनी भिंग काढलं, डोळे चोळले आणि खरं ते सांगितलं, की धागा ओवायला एक दिवस आणि बाकीचं अजून चालूच आहे. मग शेजारची खुर्ची ओढून पडद्याचं एक टोक त्यांनी तिच्या मांडीवर टाकलं.